सासऱ्याच्या पोटातली गोळी

जावयाच्या नावाची गोळी सासऱ्यानं गिळायची, असा रिवाज कुठल्या पोथीत सापडणार नाही. पण त्या उन्हाळ्यात नागपुरातल्या कितीतरी डिलिव्हरीवाल्यांच्या घरी हे किंवा असलंच काहीतरी सुरू होतं. कुठे आई गिळायची, कुठे म्हातारा काका. आणि चारचौघांत कोणी अवाक्षर काढत नव्हतं.

प्रफुल ठवकरच्या घरी हा सोहळा सकाळचं जेवण झालं की व्हायचा. त्याचे सासरे डोमाजी ताटावरून उठायचे, हात धुवायचे, टोपी नीट करायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. प्रफुल डबीतली गोळी त्यांच्या तळहातावर ठेवायचा. डोमाजी ती आधी कपाळाला लावायचे, मग तीर्थ घ्यावं तशी तोंडात टाकायचे आणि वरून दोन घोट कोमट पाणी. कमरेचा पट्टा आवळत म्हणायचे, "झालं जावईबापू. निघा तुम्ही. तुमचा आकडा मी सांभाळतो."

प्रफुल तेवढ्यापुरती मान दुसरीकडे वळवायचा. लाज वाटायची त्याला, का नाही वाटणार? पण डोमाजींचं म्हणणं वेगळंच होतं. बायको गेल्यावर ते लेकीच्या घरी राहायला आले, आणि लेकीच्या घरचं अन्न फुकट खायचं हे त्यांच्या हाडात नव्हतं. उभी हयात कूलरच्या वाळ्याच्या ताट्या भरण्यात गेलेली. लोकांच्या खिडक्या गार करता करता बोटं वाकडी झाली होती, आता ताट्या भरता येत नव्हत्या. गोळी गिळायला बोटं लागत नाहीत.

आता ही गोळी काय भानगड होती, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

माणसाचं अंग आतून सदतीस अंशांच्या आसपास राहायला धडपडत असतं. बाहेर तापलं की घाम येतो, घाम वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. पण पत्र्याच्या बंद डब्यात हवाच हलत नसली, तर घाम नुसता ओघळतो. मग आतला आकडा चढायला लागतो. साडेअडतीसला डोकं जड होतं, एकोणचाळीसच्या पुढे साधे निर्णय चुकतात, चाळीसच्या पुढे माणूस बरळतो, आणि त्यानंतर गोष्ट देवाच्या हातात. वाईट हे की ज्याचं डोकं तापतंय त्यालाच ते कळत नाही. म्हणून ही गोळी निघाली. तिच्या आत एक बारीक स्फटिक असतो, तापमान बदललं की त्याची थरथर बदलते. ती थरथर रेडिओलहरींनी कमरेच्या पट्ट्यापर्यंत जाते आणि पट्टा ती गाडीला कळवतो. दुसऱ्यातिसऱ्या दिवशी गोळी आपल्या वाटेनं बाहेर पडते.

डिलिव्हरीच्या गाड्यांत माणसं स्टिअरिंगवर मान टाकून मरायला लागली, तेव्हा सरकारनं 'सक्तीची सावली' नावाचा कायदा केला. रोज गोळी घ्यायची. आकडा साडेअडतीसला पोचला की गाडी आपोआप रस्त्याच्या कडेला थांबणार आणि चालकानं सावलीत बसायचं. कायदा चांगला होता हो! कोणा दुष्टानं केलेला नव्हता. पण पार्सलं तेवढीच राहिली आणि माणसं मोजता यायला लागली. मोजमाप आलं की निवड आलीच. कोणाचं अंग लवकर तापतं, कोणाचं उशिरा, हे कंपनीला घरबसल्या दिसायला लागलं. लवकर तापणाऱ्याला आधी छोटे रूट मिळाले, मग आठवड्याचे मोजके दिवस, मग 'कळवतो' असा निरोप. प्रफुलला मागच्या साली डेंग्यू झाला होता, तेव्हापासून त्याचा आकडा तव्यासारखा तापायचा. त्याचा निरोप येणारच होता.

अशा वेळी सीताबर्डीतला एक मोबाईल दुरुस्तीवाला देवासारखा भेटला. त्यानं पट्ट्यांची जोडी करून दिली. कंपनीचा खरा पट्टा घरच्या माणसाच्या कमरेला, हुबेहूब नकली पट्टा चालकाच्या. घरच्याच्या पोटातला आकडा खरा पट्टा फोनच्या नेटवर्कवरून नकलीला पाठवणार आणि गाडी समजणार की चालकच बोलतोय. प्रफुलचा आकडा एकदम सदतीसवर आला. कंपनीनं त्याला वर्धा रोडचा मोठा रूट दिला आणि शाबासकीचा मेसेजसुद्धा धाडला.

खूश नव्हती ती एकटी रोशनी, प्रफुलची बायको. हिंगण्याच्या कारखान्यात पॅकिंगला जायची.

"माझ्या बाबाच्या पोटात तुमचा आकडा," ती म्हणायची, "आणि तुमच्या पोटात काय चालू आहे ते कोणालाच माहीत नाही. उद्या तुम्ही गाडीत पडले तरी गाडी म्हणेल, सगळं बरोबर आहे."

"मग काय करू? घरी बसू?"

यावर रोशनी भांडी जरा जोरात घासायची.

एकदा मोठी मजा झाली होती. दुपारी गल्लीत बर्फाच्या गोळ्याची गाडी आली आणि डोमाजींना राहवलं नाही. कालाखट्टा लावून दोन गोळे हाणले. तिकडे प्रफुल भर उन्हात सिग्नलला उभा, बाहेर सत्तेचाळीस अंश, आणि गाडी आपल्या गोड आवाजात म्हणते, "प्रिय चालक, आपल्या शरीराचे तापमान एकतीस अंश आहे. आपण गारठला आहात. कृपया उबदार कपडे घाला." गोळी जोवर जठरात असते तोवर असंच होतं. वरून थंडगार काही पोटात गेलं की आकडा दाणकन आपटतो आणि मग हळूहळू वर येतो. प्रफुल आधी पोट धरून हसला आणि मग घाबरला. घरी येऊन बोलला, "मामाजी, मरवाल मला! कंपनीनं विचारलं तर काय सांगू?"

डोमाजी लहान पोरासारखे खाली बघत म्हणाले, "चूक झाली जावईबापू. जीभ लई वाईट."

त्यानंतर त्यांनी गोळा सोडला. मठ्ठासुद्धा कोमट करून प्यायला लागले.

जेठ महिना आला आणि यंदा तो अधिक आला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाचा मान. त्यात नवतपा सुरू झालेला. नवतपा म्हणजे सूर्यानं नागपूरकरांवर दात खाण्याचे नऊ दिवस. एका सकाळी गोळी कपाळाला लावता लावता डोमाजी म्हणाले, "जावईबापू, तीन वर्षांतून येते धोंडा. तुमाले वाण द्या लागते. रोशनीची माय असती तर अनारसे तळले असते तिनं."

प्रफुलला उशीर होत होता. रात्रभर लाईट येऊन जाऊन होती, झोप झाली नव्हती. तो फटकन बोलून गेला, "मामाजी, मला वाणबिण काही नको. तुम्ही फक्त कूलरपुढून हलू नका. तेच माझं वाण समजा."

डोमाजींनी गोळी गिळली आणि पट्टा आवळला. रोजचं वाक्य मात्र म्हणाले नाहीत. प्रफुलच्या ते लक्षातही आलं नाही.

दुपारपर्यंत वर्धा रोड भट्टी झाला. प्रफुलच्या गाडीच्या मागच्या डब्यात औषधं आणि आईस्क्रीम अगदी सुखात गारव्याला होती. पुढे केबिनमध्ये एक टीचभर पंखा गरम वारा तोंडावर मारत होता. केबिनला एसी नव्हता असं नाही. होता, पण तो आणीबाणीसाठी. चालकाचा आकडा एकोणचाळीसला गेला तरच सुरू होणार. बॅटरी वाचवायची होती ना! प्रफुल ओल्या दुपट्ट्यानं तोंड बांधून चालवत होता आणि अधूनमधून पडद्यावरच्या आकड्याकडे बघत होता. तिथे सदतीस अंश एक असं शांतपणे लिहिलेलं असायचं, ते बघून त्याला स्वतःलाही जरा गार वाटायचं.

आज तिथे सदतीस अंश नऊ होतं.

लाईट गेली असेल, कूलर बंद पडला असेल, असं म्हणत त्यानं डोमाजींना फोन लावला. कोणी उचलला नाही. दोन पार्सलं देऊन परत आला तर अडतीस अंश तीन. रोशनीला लावला. पण तिच्या कारखान्यात पाळी संपेपर्यंत फोन कपाटात ठेवावे लागत. शेवटी शेजारच्या नंदेश्वर काकूंना लावला.

"अरे, बाबा तर मघाच गेले," काकू म्हणाल्या. "पिशवी घेऊन. घराले कुलूप आहे आणि फोन आतच वाजून राहिला."

"गेले? एवढ्या उन्हात? कुठे?"

"तुले सांगू नको म्हणाले होते रे. जावयासाठी वाण आणतो म्हणे."

"कुठून आणतो म्हणाले, काकू?"

"तेवढं नाही सांगितलं बाप्पा."

तेवढ्यात गाडी स्वतःच कडेला लागली आणि बंद झाली. साडेअडतीस. "प्रिय चालक, कृपया सावलीत विश्रांती घ्या." तो स्टिअरिंगवर बुक्क्या मारत राहिला आणि पडद्यावर 'चालक प्रफुल ठवकर' या नावापुढे सासऱ्याचा जीव दशांशादशांशानं वर चढत राहिला.

एकोणचाळीसला केबिनचा एसी सुरू झाला. दोन उन्हाळ्यांत पहिल्यांदा. बर्फासारखी हवा प्रफुलच्या तोंडावर, छातीवर, मांडीवर आली. बाहेर कुठल्यातरी रस्त्यावर म्हातारा भाजत होता आणि गारवा मिळत होता ह्याला. प्रफुलला हुडहुडी भरली, आणि ती नुसती थंडीची नव्हती.

लगेच पडद्यातून आवाज आला. "नमस्कार, मी तनुजा, आरोग्य कक्षातून बोलतेय, पुण्याहून. प्रफुलजी, तुम्हाला माझा आवाज येतोय का?"

खरं बोलावं तर प्रफुलचं लायसन्स जाणार, गुन्हा दाखल होणार. आणि तो एकटा थोडाच होता? एकदा जोडपट्ट्याचं नाव निघालं की शहरातला प्रत्येक पट्टा तपासला जाणार. ज्या मित्रांनी त्याला ही युक्ती सांगितली, डेंग्यूत डबे पोचवले, त्या सगळ्यांच्या चुली तो एका वाक्यात विझवणार होता. आणि न बोलावं तर? पडद्यावर एकोणचाळीस अंश चार झाले.

"मॅडम," तो म्हणाला, "हा ताप माझा नाही."

"बरं. मग कोणाचा आहे?"

"माझ्या सासऱ्याचा."

तनुजा फार मायेनं म्हणाली, "प्रफुलजी, आज वार कोणता आहे, सांगाल मला?"

"मंगळवार! मॅडम, मी बरळून नाही राहिलो! गोळी त्यांच्या पोटात आहे. ते बाहेर गेले आणि कुठे गेले ते माहीत नाही. ॲम्ब्युलन्स मामाजींकडे पाठवा!"

"मामांकडे? आत्ता तर सासरे म्हणालात."

"मामाजी म्हणजेच सासरे! आमच्याकडे तसंच म्हणतात!"

"हो, हो. तुम्ही आडवे व्हा पाहू. बोलू नका. तुमच्याकडे ॲम्ब्युलन्स निघाली आहे. अशा तापात असं होतं, घाबरायचं नाही."

काय करावं सांगा! जितकं खरं बोलावं तितका माणूस वेडा ठरत होता. प्रफुलनं डोकं धरलं. आणि त्या धरलेल्या डोक्यात एकदम कालाखट्टा आठवला.

तो उडी मारून खाली उतरला, मागचा डबा उघडला, हाताला लागलेलं आईस्क्रीमचं पार्सल फाडलं आणि केबिनमधल्या पडद्यावरच्या कॅमेऱ्यासमोर येऊन बसला. बोटांनीच आईस्क्रीम कोरून तोंडात कोंबायला लागला. दात शिवशिवत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी कोंबत होता. वरून बर्फाच्या पिशवीतलं वितळलेलं गार पाणी घटाघटा प्याला.

"अहो, काय करताय तुम्ही? ते ग्राहकांचं—"

"आकडा बघा मॅडम! माझ्या पोटात गोळी असती तर आत्ता आकडा आपटला असता. एवढं तर तुम्हाला शिकवलं असेल! बघा, काय आहे?"

एकोणचाळीस अंश सात. थोड्या वेळानं एकोणचाळीस अंश आठ.

मग तनुजाचा आवाज आला तो वेगळाच होता, माया गेलेली आणि घाई आलेली. "खरा पट्टा कुणाच्या कमरेला आहे?"

"मामाजींच्या. त्यातलं सिम कंपनीचंच आहे. कोणत्या टॉवरखाली आहे ते तुम्हीच बघू शकता."

"थांबा." कीबोर्डची खडखड. "गांधीबाग. तुमच्याकडे निघालेली ॲम्ब्युलन्स तिकडे वळवतेय. सासऱ्यांचं नाव, वय, कपडे?"

"डोमाजी शेंडे. सत्तरीचे. पांढरी टोपी. हातात पिशवी असेल, अनारशांची."

"प्रफुलजी, हा कॉल रेकॉर्ड होतोय. तुम्हाला कल्पना आहे ना?"

"आहे," प्रफुल म्हणाला. "लवकर करा."

गाडी सुरू होणार नव्हती. रिक्षा त्या वेळेला रस्त्यावर नव्हती, कुत्रंसुद्धा नव्हतं. केबिनमध्ये एसी इमानेइतबारे चालू होता, पण त्या गारव्यात बसणं प्रफुलला सहन होईना. तो खाली उतरून उन्हात उभा राहिला आणि खिडकीच्या काचेतून आकडा बघत राहिला. चाळीस अंश दोन. चाळीस अंश सहा. सकाळचं आपलं वाक्य त्याला आठवत होतं. कूलरपुढून हलू नका, तेच वाण. असं बोलतात का कोणी वडील माणसाला? आणि म्हाताऱ्यानं उलट एक शब्द काढला नव्हता.

फोन खिशात थरथरायला लागला. चालकांच्या ग्रुपवर बातमी पोचली होती. 'काय केलं बे तू?' 'सगळ्यांचे पट्टे जमा करायला बोलावून राहिले.' 'आमच्या पोरांचा तरी विचार करायचा होता.' त्यानं पुढचे वाचले नाहीत. जे लिहीत होते त्यांचं चूक नव्हतं, आणि त्याच्याकडे त्यांना द्यायला काही नव्हतं.

चाळीस अंश सहावर आकडा बराच वेळ अडून बसला. मग चाळीस. मग एकोणचाळीस अंश पाच. मग एकोणचाळीस. प्रफुल खिडकीला टेकला. सापडले! बर्फ लावत असतील! गाडी आतून म्हणाली, "प्रिय चालक, आपली प्रकृती सुधारत आहे." आणि ते ऐकताच त्याच्या मनात नको तो विचार आला. बर्फात ठेवलं की जिवंत अंग गार होतं, तसं मेलेलंही होतं. गोळीला काय कळतं? ती दोघांना सारखंच मोजणार. अडतीस अंश सहा. अडतीस अंश तीन. आकडा उतरत होता आणि प्रत्येक दशांशाला त्याची भीती वाढत होती. त्यानं तनुजाला हाका मारल्या. ती म्हणाली, "ते लोक फोन उचलत नाहीयेत, कामात असतील. मी प्रयत्न करतेय." प्रफुल आयुष्यात कधी देवळात न जाणारा माणूस, तो दाराच्या तापलेल्या पत्र्याला कपाळ लावून काचेतून आकडा बघत राहिला. कपाळ भाजलं तरी हलला नाही.

आणि आकडा कोसळला. अडतीस अंश दोनवरून एकदम चौतीस. तेहतीस. एकतीस.

"प्रिय चालक, आपण गारठला आहात. कृपया उबदार कपडे घाला."

संपलं असं वाटून प्रफुलनं डोळे मिटले. आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे पुन्हा तोच कालाखट्टा आला. अरे! अंग एवढं झटक्यात गार होत नाही, ना जिवंत ना मेलेलं. झटक्यात गार होतं ते फक्त पोट, वरून गार पाणी गेलं तर. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात कोणी पाणी घालत नाही. म्हणजे मामाजी उठून बसले होते. मामाजी स्वतःच्या हातानं गार पाणी पीत होते!

तो भर रस्त्यात मोठ्यानं हसला आणि तसाच रडायला लागला. आत गाडी पुन्हा पुन्हा उबदार कपड्यांचा आग्रह करत होती.

तनुजाचा आवाज आला तेव्हा तोही ओला होता. "प्रफुलजी, शुद्धीवर आलेत ते. बसस्टॉपच्या बाकाखाली पडलेले सापडले. गांधीबागेतल्याच दवाखान्यात पोचलेत, पाणी मागून प्यायले. अजून दोनतीन दिवस ठेवावं लागेल. पिशवी काही सोडत नाहीयेत हातातून." मग म्हणाली, "आणि एकच विचारतायत सारखं. 'जीभ आवरली नाही, गार पाणी प्यालो, आकडा बिघडला. जावईबापूंची गाडी थांबली का?' काय सांगू त्यांना?"

प्रफुलनं कमरेचा नकली पट्टा सोडला आणि सीटवर ठेवला.

"सांगा, थांबली," तो म्हणाला. "थांबली म्हणूनच सापडले म्हणावं. आणि सांगा, जावई वाण घ्यायला निघाला."

त्यानं राहिलेल्या गार पाण्यात दुपट्टा भिजवला, डोक्याला गुंडाळला, गाडीचं दार लावलं आणि शहराच्या दिशेनं चालायला लागला.